आभाळ पडल्याच्या गोष्टी

इ. स. पू. ३३५ मध्ये सिकंदरानं डॅन्यूब नदीच्या काठी तळ दिला होता. ॲड्रिॲटिक समुद्राकडच्या केल्ट लोकांचे दूत त्याच्या भेटीला आले. मैत्रीची बोलणी झाली आणि मग सिकंदरानं विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त भय कशाचं वाटतं? उत्तरात आपलंच नाव येणार, अशी त्याची अपेक्षा होती. दूत म्हणाले, भय एकच, आभाळ अंगावर कोसळण्याचं. स्ट्रेबो आणि एरियन या दोन्ही ग्रीक लेखकांनी हा प्रसंग नोंदवला आहे. केल्ट भलतेच बढाईखोर आहेत, असा शेरा सिकंदरानं नंतर मारला, असं एरियन सांगतो.

आपल्याकडच्या गोष्टीत 'आभाळ पडलं, पळा पळा' म्हणत धावणारा ससा भित्रा ठरतो. केल्टांच्या तोंडी तीच गोष्ट फुशारकी ठरली. गेली तीनशे वर्षं मात्र काही माणसं अशा बोलांचा तिसराच अर्थ लावत आली आहेत. आभाळ कधीतरी खरोखरच कोसळलं असेल, ज्यांनी ते पाहिलं त्यांनी ते नातवंडांना सांगितलं असेल, आणि सांगता सांगता शेपटीवाल्या धूमकेतूचा नाग झाला असेल, उल्केचं वज्र झालं असेल. असं मानलं की जलप्रलय, अग्निवर्षाव, देवासुरांची युद्धं या नुसत्या कल्पना उरत नाहीत, त्या साक्षी होतात. विचार मोहात पाडणारा आहे. तो साफ खोटा असता तर एका परिच्छेदात निकालात काढता आला असता. तसा तो नाही.

सुरुवात चांगल्या घराण्यातून झाली. ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो त्या एडमंड हॅलीनं १६९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सुचवलं, की बायबलमधला नोहाचा प्रलय धूमकेतूच्या धडकेनं झाला असावा. दोनच वर्षांनी विल्यम व्हिस्टननं यावर अख्खं पुस्तक लिहिलं. धूमकेतूच्या शेपटीतली वाफ पृथ्वीवर पाऊस होऊन कोसळली, असा त्याचा हिशेब होता. हाच व्हिस्टन पुढे केंब्रिजमध्ये न्यूटनच्या जागी प्राध्यापक झाला. त्यानंतर १८८३ मध्ये इग्नेशियस डॉनेली या अमेरिकी राजकारण्यानं 'रॅग्नारॉक' लिहून उत्तर गोलार्धातले वाळू-खड्यांचे थर धूमकेतूनं आणून टाकले असं मांडलं आणि जगभरच्या अग्निप्रलयाच्या कथा पुराव्यादाखल जोडल्या. ते थर हिमनद्यांनी वाहून आणले होते. शेक्सपिअरची नाटकं बेकननं लिहिली, असंही डॉनेलीचं ठाम मत होतं, यावरून माणसाचा साधारण अंदाज येतो.

पण या विचाराचा खरा नायक म्हणजे इमॅन्युएल वेलिकोव्स्की. जन्म १८९५, व्हितेब्स्कचा. शिक्षणानं डॉक्टर, व्यवसायानं मनोविश्लेषक. १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि दहा वर्षं ग्रंथालयांत बसून त्यानं जगभरची पुराणं चाळली. १९५० च्या एप्रिलमध्ये मॅकमिलननं त्याचं 'वर्ल्ड्स इन कोलिजन' छापलं. त्यातली मांडणी थोडक्यात अशी: शुक्र हा मुळात ग्रहच नव्हता. तो गुरूच्या पोटातून धूमकेतूच्या रूपात बाहेर पडला आणि इ. स. पू. १४५० च्या सुमाराला पृथ्वीच्या अगदी जवळून गेला. मोझेस आपल्या लोकांना घेऊन इजिप्तमधून निघाला तो हाच काळ. नाईल नदी रक्तासारखी झाली ती धूमकेतूच्या तांबड्या धुळीनं, गारा पडल्या त्या दगडांच्या, समुद्र दुभंगला तो शुक्राच्या ओढीनं. साधारण ५० वर्षांनी शुक्र परत आला, पृथ्वीचं फिरणं अडखळलं आणि बायबलमधल्या जोशुआसाठी सूर्य आकाशात थांबला. पुढे इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकात शुक्रानं मंगळाला धक्का दिला आणि मग मंगळानं पृथ्वीला छळलं. ऋग्वेदातले मरुत् म्हणजे याच मंगळाबरोबर आलेले धूमकेतू, असंही वेलिकोव्स्की सांगतो. मेक्सिको, चीन, फिनलंड, बॅबिलोन, सगळीकडून त्यानं जुळणारे तुकडे वेचले होते.

पुस्तक धडाक्यानं खपलं. त्यानंतर जे घडलं ते शास्त्रज्ञांना शोभणारं नव्हतं. हार्वर्डच्या हार्लो शॅपली यांच्यासारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांनी मॅकमिलनवर दबाव आणला, कारण मॅकमिलनचा मुख्य धंदा पाठ्यपुस्तकांचा आणि ती विकत घेणारे प्राध्यापकच. पुस्तक ऐन खपाच्या भरात असताना दोन महिन्यांच्या आत डबलडे या प्रकाशकाकडे सोपवलं गेलं. ते स्वीकारणाऱ्या संपादकाची नोकरी गेली. पुस्तकाचा मोकळ्या मनानं विचार व्हावा म्हणणारे न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाचे गॉर्डन ॲटवॉटर यांचीही गेली. शास्त्रज्ञ विज्ञानाच्या बाजूनं बरोबर होते, पण या वागण्यामुळे वेलिकोव्स्कीला हुतात्म्याचं तेज चढलं आणि पुढची २५ वर्षं ते उतरलं नाही.

त्यातच त्याचे दोन अंदाज बरोबर आले. शुक्र तापलेला असणार, असं तो म्हणाला होता. १९६२ मध्ये मरिनर २ यानानं शुक्र खरोखर भयंकर तापलेला असल्याचं दाखवलं, आणि आज आपल्याला माहीत आहे की त्याच्या पृष्ठभागाचं तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. गुरूकडून रेडिओ लहरी येतात असंही तो म्हणाला होता, आणि १९५५ मध्ये त्या सापडल्या. अनुयायी आजही हे दोन मुद्दे पुढे करतात. पण अंदाज बरोबर येणं आणि कारण बरोबर असणं यांत फरक आहे. शुक्र तापला आहे तो त्याच्या दाट कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणानं सूर्याची उष्णता कोंडून धरल्यामुळे. ताज्या जन्माची ती धग नव्हे. शुक्राभोवती पेट्रोलियमच्या जातीच्या वायूंचे ढग असतील, हा त्याचा अंदाज साफ चुकला, ते ढग सल्फ्युरिक आम्लाचे निघाले. आणि गुरू हा हायड्रोजन-हेलियमचा गोळा. त्यातून खडकाचा, पृथ्वीएवढ्या घनतेचा शुक्र कसा निघणार, याला उत्तर नव्हतं.

तरीही माझ्या मते वेलिकोव्स्कीला हरवतो तो पुरावा भौतिकशास्त्रातला नाही. तो त्याच्याच आवडत्या मुलखातला आहे. बॅबिलोनचा राजा अम्मिसदुका याच्या काळात, म्हणजे इ. स. पू. सतराव्या शतकात, तिथल्या निरीक्षकांनी २१ वर्षं शुक्राच्या उदयास्ताच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या नंतरच्या प्रती निनेव्हेच्या मातीच्या पाट्यांवर सापडल्या आहेत. वेलिकोव्स्कीच्या मते शुक्र पृथ्वीवर चाल करून आला त्याच्याही आधी हा शुक्र पहाटे दिसतोय, मावळतोय, संध्याकाळी उगवतोय, आजच्या शुक्रासारखा. नोंदींत नकलेच्या चुका भरपूर आहेत, पण चाल ग्रहाचीच आहे. दुसरा पुरावा ॲसिरियातला. इ. स. पू. ७६३ मध्ये जूनमध्ये झालेलं सूर्यग्रहण तिथल्या राजनोंदीत आहे. आजच्या गतीवरून मागे मोजत गेलं, की पृथ्वीचं फिरणं शतकानुशतकं किंचित मंदावतं एवढं धरून १५ जून ७६३ ला तिथे ग्रहण येतं. मंगळानं इ. स. पू. ६८७ पर्यंत पृथ्वीला हिसके दिले असते, तर हे गणित जुळलंच नसतं. कॅलिफोर्नियातल्या ब्रिसलकोन पाइन झाडांच्या खोडातली वर्तुळं आठ हजारांहून अधिक वर्षं सलग मोजता येतात, आणि त्यांतही असा हाहाकार नाही.

आणखी एक प्रश्न वेलिकोव्स्कीनं स्वतःच ओढवून घेतला. एवढं मोठं संकट ऐतिहासिक काळात आलं असेल तर कोणीच ते सरळ का लिहून ठेवलं नाही? मनोविश्लेषकाला शोभेल असं उत्तर त्यानं दिलं: मानवजातीनं ती भयंकर आठवण मनाच्या तळाशी दडपून टाकली. हे उत्तर मान्य केलं की खेळच संपतो. कथा सापडली तर ती आठवण, आणि नाही सापडली तर ती दडपलेली आठवण. असा सिद्धांत कधी खोटा ठरूच शकत नाही, आणि म्हणून तो खरा आहे की नाही हेही कधी कळत नाही.

गंमत अशी, की १९७९ मध्ये वेलिकोव्स्की वारला आणि १९८० मध्ये आकाशातून येणारी संकटं विज्ञानात प्रतिष्ठित झाली. लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांबरोबर एका पातळ थरातल्या इरिडियमवरून दाखवलं, की ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक लघुग्रह पृथ्वीवर आदळला. डायनोसॉरचा अंत त्याच सुमाराचा. १९९४ च्या जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले आणि पृथ्वीएवढाले काळे डाग पडलेले लोकांनी साध्या दुर्बिणीतून पाहिले. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला आणि खिडक्यांच्या काचांनी दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. म्हणजे आभाळ पडतं, हे आता कोणी नाकारत नाही. पडलेलं आभाळ गोष्टीत उरतं का, एवढाच प्रश्न उरला.

या टप्प्यावर व्हिक्टर क्लूब आणि बिल नेपियर हे दोन ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आले. 'द कॉस्मिक सर्पंट' हे त्यांचं १९८२ चं पुस्तक. त्यांचा मुद्दा वेलिकोव्स्कीपेक्षा कितीतरी शहाणा आहे. ग्रहांना ते जागचे हलवत नाहीत. ते म्हणतात, हजारो वर्षांपूर्वी एक प्रचंड धूमकेतू सूर्यमालेच्या आतल्या भागात अडकला आणि हळूहळू फुटत गेला. सव्वातीन वर्षांत सूर्याला फेरी मारणारा एन्केचा धूमकेतू आणि दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिसणारा वृषभ राशीतला उल्कावर्षाव हे त्याचेच अवशेष. आज हा वर्षाव फिका आहे, पण ताम्रयुगात किंवा कांस्ययुगात आकाश खूपच जास्त पेटलेलं असेल, आणि आकाशातले लढणारे देव तिथून आले असतील. यातलं खगोलशास्त्र बरंचसं विचारात घेण्यासारखं आहे. कथांकडे वळल्यावर मात्र पाय घसरतो, कारण कोणत्याही नागाला धूमकेतू ठरवायला फारसे कष्ट पडत नाहीत. आपल्या पूर्वजांना तर ही पळवाट वापरायची गरजही नव्हती. धूमकेतूला ते सरळ केतूच म्हणत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त केतूंसाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे आणि कोणी केतू १०१ मानतात, कोणी हजार, तर नारदाच्या मते तो एकच, असा मतभेदही प्रामाणिकपणे नोंदवला आहे. म्हणजे कथेत गुंडाळायच्या ऐवजी यादी करायची रीतही होती.

पुराणात आकाश शोधायचा छंद मराठी वाचकाला अनोळखी नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन'मध्ये प्रजापती, मृग आणि त्याला बाण मारणारा रुद्र यांची कथा मृग नक्षत्राशी जोडली आणि वसंतसंपात त्या नक्षत्रात होता तेव्हाची ही आठवण, असं मांडलं. १९०३ च्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज'मध्ये ते आणखी पुढे गेले: वेदातली लांबलेली उषा आणि अवेस्तामधला दहा महिन्यांचा हिवाळा म्हणजे हिमयुगानं उद्ध्वस्त केलेल्या उत्तरध्रुवीय घराची स्मृती. दुसरा ग्रंथ पुरातत्त्वापुढे टिकला नाही. पहिल्याचा निष्कर्षही वादातच राहिला, पण त्यात एक गोष्ट चोख होती. संपातबिंदू सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पुरी करतो, म्हणून कथेतून तारीख काढता येते आणि ती तारीख कोणालाही तपासता येते. वेलिकोव्स्कीनं आपल्या कथांना अशी तपासणी कधी लावलीच नाही.

मग तपासणी कशी करायची? यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जायला हवं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर आदळलेल्या उल्केनं बेसॉल्टच्या खडकात केलेलं आहे, हे १९७० च्या दशकात नक्की झालं. स्थानिक कथा त्याआधीच्या कितीतरी शतकांची. लवणासुर इथे जमिनीखालच्या बिळात झाकण लावून राहत होता. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणींकडून लपण्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर धातेफळजवळ जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. असुराच्या देहामुळे पाणी खारट झालं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर याच कथेचं.

उडालेलं झाकण! प्रलयवाद्याला इथे गुदगुल्या झाल्याच पाहिजेत: आघातात भिरकावलेले खडक, आणखी काय हवं? पण विवराच्या काठावर उभं राहून पाहिलं, तर कथेला लागणारं सगळं साहित्य समोरच आहे. गोल, जणू काहीतरी काढून घेतल्यासारखा खड्डा, खारं पाणी, दूरवर एक टेकडी. कथेत आकाशातून येणारी आग नाही, आवाज नाही, उजेड नाही. आणि वय? एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या, अलीकडच्या पद्धतीनं ५ लाख ७० हजारांच्या आसपास. दुसरा आकडा धरला तर आघात पाहायला आजचा माणूस जन्मालाच आलेला नव्हता. लवणासुराची कथा आठवण नाही, ती उत्तर आहे: हा खड्डा इथे कसा आला, या मुलाच्या प्रश्नाचं.

म्हणजे कथेत आकाश असेल तर ती आठवण, नसेल तर नाही, असा नियम करावा का? ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ट्नोराला नावाचं विवर आहे. पश्चिम अरेर्न्टे लोक सांगतात, की आकाशगंगेत ताऱ्यांच्या बायका नाचत होत्या, एकीनं बाळाला लाकडी पाळण्यात ठेवलं, तो कलंडला आणि पृथ्वीवर पडला. आईबाप, म्हणजे संध्याकाळचा आणि पहाटेचा तारा, त्याला अजून शोधत असतात. वस्तू आकाशातून पडली, हे तंतोतंत बरोबर. पण हे विवर १४ कोटी वर्षांहून जुनं आहे. ज्यांनी रात्री उल्का पडताना पाहिल्या होत्या त्यांनी गोल डोंगर पाहून योग्य तर्क केला, एवढंच. नियम बाद.

खरी आठवण कशी दिसते, याचं सर्वांत चांगलं उदाहरण आकाशातलं नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आदिवासींत गरुडासारखा थंडरबर्ड देवमासा उचलून आपटतो आणि समुद्र गावांत शिरतो अशा कथा आहेत. पचीना खाडीच्या कथेत रात्री जमीन हादरली आणि सगळं गाव वाहून गेलं. १९८० च्या दशकात भूशास्त्रज्ञांना त्या किनाऱ्यावर एकाएकी बुडून मेलेल्या झाडांची वनं सापडली. कार्बननं काळ १७०० च्या आसपासचा दिला. मग १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी आपल्या जुन्या दप्तरांतली एक कोडं पाडणारी त्सुनामी काढली, जिच्याआधी जपानमध्ये भूकंप जाणवलाच नव्हता. मागे मोजल्यावर तारीख निघाली: २६ जानेवारी १७००, रात्री ९ च्या सुमारास. कथा, चिखल आणि जपानी कारकुनाची वही, तिघं एकमेकांना न विचारता एकच सांगत होते.

आकाशाच्या बाबतीत याच्या जवळ जाणारी जागा एस्टोनियाच्या सारेमा बेटावर आहे. काली इथलं मुख्य विवर ११० मीटर रुंद, भोवती आठ लहान. आघात इ. स. पू. १५३० ते १४५० दरम्यानचा मानला जातो, आणि तेव्हा आसपास शेती करणारी माणसं होती. विवराभोवती नंतरच्या काळातली दगडी तटबंदी आणि जनावरांची हाडं सापडली, म्हणजे जागा पूजली जात असावी. तेराव्या शतकातल्या लिव्होनियाच्या इतिवृत्तात थारापिता हा देव मुख्य भूमीवरच्या टेकडीवर जन्मून सारेमाकडे उडत गेला, अशी नोंद आहे. 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यात आकाशातून निसटलेली आग तळ्यात पडते. लेनार्ट मेरी या लेखकानं, जो पुढे एस्टोनियाचा राष्ट्राध्यक्ष झाला, १९७६ मध्ये हे धागे जोडले. इथे मला मान्य करावंसं वाटतं, की जागा, काळ आणि माणसं तिन्ही जुळतात. तरी कथा आणि घटना यांच्यामध्ये पावणेतीन हजार वर्षांची पोकळी आहे, आणि आकाशातून पडणारी आग साध्या विजेचीही असू शकते.

सर्वांत ताजं उदाहरण सायबेरियाचं. ३० जून १९०८ ला तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशात स्फोट झाला आणि दोन हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं. लिओनिद कुलिक १९२७ मध्ये तिथे पोचला तोवर एवेन्की लोकांच्या तोंडी ओग्दी या वज्रदेवाच्या कोपाची कथा तयार होती आणि तिकडे जायला माणसं बिचकत होती. वीस वर्षांच्या आत स्फोटाचा देव झाला होता. पण त्याच वेळी सुस्लोव्ह नावाच्या अभ्यासकानं १९२६ मध्ये एवेन्कींच्या ज्या जबान्या घेतल्या, त्यांत तंबू कसा उडाला, कानठळ्या कशा बसल्या, रेनडिअर कसे मेले हेही साधेपणानं सांगितलेलं आहे. देव आणि तपशील दोन्ही एकाच माणसांच्या तोंडी शेजारी शेजारी नांदत होते.

आणि तुंगुस्काला आघाताचं एकही निर्विवाद विवर नाही. हवेत फुटणारा दगड माणसांना सर्वांत जास्त घाबरवतो आणि जमिनीवर सर्वांत कमी खूण ठेवतो. त्यामुळे ज्या घटनांच्या आठवणी उरण्याची शक्यता सर्वाधिक, त्यांचाच पुरावा मिळणं सर्वांत कठीण. २०२१ मध्ये एका संशोधक गटानं जॉर्डनमधल्या ताल अल-हम्माम या कांस्ययुगीन शहरावर इ. स. पू. १६५० च्या सुमाराला असाच स्फोट झाला, आणि बायबलमधल्या सदोमच्या नाशाची कथा कदाचित तीच, असा शोधनिबंध छापला. वितळलेली खापरं, आघात झालेल्या स्फटिकांचे कण, भाजलेल्या विटा, सगळं त्यात होतं. इतर तज्ज्ञांनी छायाचित्रं आणि निष्कर्ष तपासायला घेतले, आक्षेप साचत गेले आणि २०२५ मध्ये नियतकालिकानं तो निबंध मागे घेतला. शहराचा जळका थर जागेवरच आहे. तो कशानं जळला हे मात्र ठरायचं आहे, कारण त्या काळातली शहरं युद्धांत आणि भूकंपांतही जळत होतीच.